मान मरीमायेचा

अकोल्याहून अकोटकडे जा नाही तर अमरावतीहून दर्यापूरकडे. काळ्या मातीतलं कुठलंही जुनं गाव घ्या आणि तिथले देव कोणते हे विचारण्याआधी ते कुठे बसलेत तेवढं पाहा. विठ्ठल-रखुमाई, राम, महादेव हे पाटील-देशमुखांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कळस आणि सभामंडपासकट. मारोती वेशीत. नाल्याच्या नाही तर जुन्या विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले, त्या आसरा. धुऱ्यावर म्हसोबा, पिंपळाखाली मुंजा. आणि वस्ती संपते तिथे, पूर्वीच्या महारवाड्याच्या किंवा मांगवाड्याच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली मरीमाय. तलाठ्याचा नकाशा हाताशी नसला तरी चालतं. देवांच्या जागा पाहिल्या की शंभर वर्षांपूर्वी कोण कुठे राहत होतं आणि कुणाला कुठवर येऊ देत होते, याचा अंदाज येतो.

या देवांवर नेटानं लिहिणारा एक इंग्रज अधिकारी वऱ्हाडात होऊन गेला. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं, आणि १८६७ मध्ये आल्फ्रेड लायल इथे कमिशनर म्हणून आला. १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर त्याच्याच संपादनाखाली निघालं. पुढे १८८२ मध्ये त्याचं ‘एशियाटिक स्टडीज’ हे पुस्तक आलं. त्यातला पहिलाच निबंध हिंदुस्थानातल्या एका प्रांताच्या धर्माविषयी आहे, आणि तो प्रांत म्हणजे आपलं वऱ्हाड. विलायतेत बसून वेद-उपनिषदं वाचणाऱ्यांना हिंदू धर्म जसा दिसतो तसा तो गावात नाही, हे लायलला इथे फिरताना उमगलं. दगड-धोंडे, झाडं, जनावरं, अकाली मेलेली माणसं, शूर मेलेले, साधू-फकीर, त्यानंतर स्थानिक देव आणि अगदी वर शिव-विष्णू अशी एक शिडीच त्यानं मांडली. त्याचं खरं निरीक्षण पुढे आहे. ही शिडी हलती आहे. आज ज्याच्या समाधीवर गावकरी नारळ फोडतात, त्याला दोन पिढ्यांनी अवतार ठरवलं जातं, आणि मग ब्राह्मणी पोथीत त्याला जागा मिळते. लायल वऱ्हाडात आणखी टिकला असता तर १८७८ मध्ये शेगावात प्रकटलेले आणि १९१० मध्ये समाधिस्थ झालेले गजानन महाराज त्याला आपल्या सिद्धान्ताचा चालता-बोलता दाखला वाटले असते. मात्र त्याच्या शिडीवर देव चढताना दिसतात; त्या देवांची माणसंही वर चढतात का, या प्रश्नापाशी तो फारसा रेंगाळत नाही. वऱ्हाडातल्या गेल्या शंभर वर्षांचा झगडा नेमका त्या प्रश्नाचा आहे.

मरीमायेपासूनच सुरुवात करू. तिचं ठाणं भव्य कधीच नसतं. कमरेएवढी विटांची मढी, पुढे पत्र्याचं दार असलं तर असलं, आत ओबडधोबड दगड. त्यावर शेंदराचे थर इतके चढलेले की मूळ आकार कुणालाच सांगता येत नाही. पुढ्यात फुटक्या हिरव्या बांगड्या, सुकलेली लिंबं, निंबाचा डहाळा, कुणीतरी नवसाला वाहिलेलं लहानसं पातळ. एरवी दिवसभर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. पण पटकी आली की सारं गाव तिच्याकडे धावायचं.

पटकी म्हणजे कॉलरा. दूषित पाण्यातून पसरणारा, धडधाकट माणसाला एका दिवसात रिकामं करून टाकणारा. जंतूंची गोष्ट कळायच्या आधी गावानं त्याचा अर्थ लावला तो असा: मरीमाय कोपली आहे, तिला शांत करून शिवेपार पोचवली पाहिजे. मग तिचा गाडा निघे. लहानसा लाकडी गाडा, त्यात खण-नारळ, बांगड्या, लिंबं, कोंबडं. पुढे डफडं, मागे निंबाचे डहाळे घेतलेलं गाव. बळी पडे बकऱ्याचा किंवा हेल्याचा. गाडा शिवेवर नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा, आणि ते गाव तो उचलून पुढच्या गावाच्या माथी मारायचं. या ढकलाढकलीवरून गावागावांत हाणामाऱ्याही होत. रोगाची वाट अशी माणसंच आखून देत होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं इतकंच.

या सगळ्या विधीचा मान महारांचा, काही गावांत मांगांचा. डफडं त्यांचं, बळी देणारा हात त्यांचा, अंगात यायचं तेही त्यांच्यातल्या कुणाच्या तरी. त्या रात्री पाटील, कुलकर्णी, वाणी सारे त्यांच्या मागून चालत. देवी काय मागते ते महाराच्या तोंडून ऐकत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच माणसानं सावली चुकवून, विहिरीपासून लांब राहून चालायचं. मान आणि विटाळ ही दोन्ही एकाच वतनाची अंगं होती. गावाला रोगाशी, मढ्याशी, शिवेबाहेरच्या भयाशी व्यवहार करणारं कुणीतरी हवं होतं. त्या व्यवहाराला मान म्हटलं की तो करणाऱ्याला गावाबाहेर ठेवणं सोपं जातं. मरीमायेच्या पुजाऱ्याला गाव भीत असे हे खरं आहे. भीतीला आदर समजण्याची चूक मात्र अभ्यासकांनी अनेकदा केली आहे.

मानासाठी माणूस काय करतो याचं मराठीतलं गाजलेलं चित्र अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त आहे. १९५९ ची ही कादंबरी वारणेकाठची, वऱ्हाडातली नव्हे. पण तिची सुरुवातच जोगणीच्या झगड्यानं होते. दुसऱ्या गावची जोगणी हिसकावून आणली तर जत्रेचा मान आपल्या गावाला मिळणार, म्हणून राणोजी मांग जिवावर उदार होतो आणि जिवानिशी जातो. जत्रा गावाची, जीव मांगाचा. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

गावाबाहेरच्या देवीचा मान हाती असणाऱ्यांना शहरातल्या देवीचं दार बंदच होतं. अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ हे साऱ्या वऱ्हाडाचं दैवत. १९२७ मध्ये हे देऊळ अस्पृश्यांना खुलं करावं म्हणून मागणी झाली, आणि तिच्यामागे डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव नुकतेच विलायतेहून परतले होते, आणि त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास. देवळाचं दार कुणासाठी उघडावं याचा वाद घालायला याहून तयारीचा माणूस मिळणं कठीण. देवस्थानच्या कारभाऱ्यांत टिळकांचे जुने सहकारी दादासाहेब खापर्डे यांचं वजन मोठं होतं. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी आली. परिषदेनं सत्याग्रह तूर्त पुढे ढकलला, कारभाऱ्यांना मुदत दिली.

महाडचं चवदार तळं त्याच वर्षीच्या मार्चमधलं, मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं. मधला हा अमरावतीचा टप्पा मराठी वाचकाच्या लक्षात फारसा राहत नाही. नाशिकचा काळाराम सत्याग्रह १९३० चा, म्हणजे देऊळप्रवेशाचा प्रश्न अमरावतीत त्याआधीच ऐरणीवर आला होता. पाच वर्षं काळारामाचं दार ठोठावून झाल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. तिथून पुढे प्रश्न अंबादेवीपुरता राहिलाच नाही, मरीमायेचंही काय करायचं हे ठरवावं लागलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि वऱ्हाडातले महार मोठ्या संख्येनं बौद्ध झाले. बावीस प्रतिज्ञांमध्ये राम-कृष्ण, गौरी-गणपती नाकारले आहेत. मरीमायेचं नाव त्यांत नाही, पण खेड्यात पहिला घाव तिच्यावरच पडला. डफडं वाजवणं थांबलं, गाडा ओढणं थांबलं, मेलेलं ढोर ओढणं थांबलं. ही तिन्ही कामं एकाच दाव्याला बांधलेली होती. घरातले देव नदीत नाही तर विहिरीत गेले. गावानं ते सहजी सोसलं नाही. गाव देवीच्या नावानं कामाला यायला सांगत होतं आणि नवी पिढी त्या देवीशी आपला संबंध उरला नाही असं बजावत होती, यावरून कैक ठिकाणी बहिष्कार पडले. एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लोकांनी जो मान सोडला तो त्यांच्या हातातला गावकीतला एकमेव मान होता. राम-कृष्ण सोडायला काही लागत नव्हतं, ते कधी त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. मरीमाय सोडणं म्हणजे आजीच्या अंगात येणारी, लेकराच्या तापात हाक मारायची जिव्हाळ्याची देवी सोडणं. म्हणूनच बुद्धाची तसबीर लावलेल्या घरातली एखादी म्हातारी कुणाच्या नकळत निंबाखाली जाऊन दिवा लावून यायची. याला ढोंग म्हणणारे शहरी टीकाकार पुष्कळ भेटतात. रात्रीतून देव बदलणं त्यांनी स्वतः कधी करून पाहिलेलं नसतं.

सरकार दरबारीही या बदलाची किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जाती म्हणून मान्यता फक्त हिंदूंना होती. १९५६ मध्ये शिखांना मिळाली, बौद्धांना मिळायला १९९० उजाडावं लागलं. महाराष्ट्र राज्यानं आपल्या अखत्यारीत सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी कागदावर ‘हिंदू महार’ राहायचं आणि घरात त्रिशरण म्हणायचं, अशी कसरत दोन पिढ्यांनी केली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. अकोला जिल्ह्यात त्यांचं प्रमाण साधारण १८ टक्के, राज्याच्या सरासरीच्या तिप्पट.

मातंग समाजानं बहुतांशी वेगळी वाट धरली, आणि अनेक गावांत मरीमायेचा उरलेला मान त्यांच्याकडे आला. मोकळे केस, कपाळभर हळद-कुंकवाचा मळवट, कमरेला रंगीत खणांचा घोळ, हातात आसूड असा पोतराज आणि डोक्यावर देवीचा पेटारा घेतलेली त्याची बायको अजूनही अकोल्याच्या बाजारात दिसतात. स्वतःच्या अंगावर आसूड ओढून त्यानं मागितलेला पैसा आपण खिडकीतून टाकतो आणि त्याला लोककला म्हणतो. त्याच्या पोराचे केस नवसापायी वाढवलेले असतात, शाळा बुडालेली असते. कार्यकर्त्यांनी समजावून पोतराजांचे केस कापल्याच्या, त्यांना दुसऱ्या धंद्याला लावल्याच्या घटना महाराष्ट्रात जागोजागी झाल्या आहेत. मातंग वस्तीत आज अण्णाभाऊ आणि लहुजी साळव्यांच्या तसबिरी मरीमायेच्या मढीपेक्षा ठळक जागी असतात, आणि देवीही तिथेच शेजारी असते.

आता एका परीटाच्या पोराकडे वळू. डेबू झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेणगाव, आजचा अमरावती जिल्ह्यातला अंजनगाव सुर्जी तालुका. बाप दारूपायी गेला. ती दारू देवाच्या नावानं घरात आली होती: खंडोबाचं बकरं, आसरांचा नैवेद्य, पितरांना भोग, आणि प्रत्येक देवकार्याला बाटली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या चरित्रात मरत्या झिंगराजीनं या देवांपासून पोराला लांब ठेवायला बायकोला सांगितल्याचा प्रसंग आहे. डेबू मामाकडे, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला भावकीनं रीतीप्रमाणे मटण-दारूची वाट पाहिली, तर डेबूजीनं बुंदीच्या लाडवांचं जेवण घातलं. भावकी बिथरली. हे सगळं झाल्यावर १९०५ मध्ये घर सोडून हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेतलेला माणूस म्हणजे आपले गाडगेबाबा.

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. बाबांच्या कामाची सुरुवात तिथली. घाट नव्हता, चिखलात माणसं घसरायची, तिथे त्यांनी घाट उभा करायला घेतला. आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घातलं. कीर्तनात समोरच्या माणसाला ते प्रश्न विचारत सुटायचे. देवाला बकरं कोण देतो, खातो कोण, दगड बोलतो का, कर्ज कुणाच्या डोक्यावर बसतं. हे सगळं वऱ्हाडी बोलीत. कर्जाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नवस फेडायला सावकाराकडून पैसे काढायचे, कंदुरीला सगळी भावकी जेवायला बोलवायची, आणि हंगामात कापूस सावकाराच्या दारी ओतायचा. बाबांचा रोख देवाइतकाच या हिशेबावर होता.

बहिरमची यात्रा पाहिली की बाबांच्या सुधारणेचं यश आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबाबाचं ठाणं आहे. मूर्ती अशी नाहीच. लोणी आणि शेंदूर यांचे थर चढत चढत झालेला प्रचंड आकार. कुणी त्याला भैरव म्हणतात, म्हणजे लायलच्या शिडीवर तो केव्हाच वर चढला आहे. २० डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ इथे यात्रा असते. पूर्वी देवापुढेच बकरं कापलं जायचं. गाडगेबाबांसारख्यांच्या प्रयत्नांनी ते थांबलं. बकरं मात्र बंद झालं नाही, ते देवळापासून हटून राहुटीत गेलं. बहिरमची हंडी आज साऱ्या विदर्भात नाव घेऊन मागितली जाते: मातीच्या मडक्यात मंद जाळावर शिजलेलं मटण. शेजारच्याच राहुटीत रोडगे चाललेले असतात. जाडसर कणकेचे गोळे पदर घालून वळायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून कुस्करायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवस बकऱ्याचाही असतो आणि रोडग्यांचाही. कुणाच्या राहुटीत काय शिजतंय यावरून जात ओळखायची खोड अजून गेलेली नाही.

इथे मला एक शंका छळते. बकरं थांबलं, दारू थांबली की देव शुद्ध झाला असं आपण म्हणतो. या शुद्धतेचं माप वरच्या जातींच्या स्वयंपाकघरातून आलेलं नाही काय? गाडगेबाबांचा हेतू वेगळा होता, तो कर्ज आणि व्यसन थांबवण्याचा होता. पण त्यांच्या मागून आलेल्या कैक देवस्थान समित्यांनी नेमका नैवेद्य बदलला आणि कर्ज तसंच ठेवलं. आता सावकाराच्या जागी लाउडस्पीकर आणि महाप्रसादाच्या वर्गण्या आहेत. खुद्द बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गेले, आंबेडकरांनंतर अवघ्या चौदा दिवसांनी. दोघांचा स्नेह होता. पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली होती. दगडाच्या देवावर उभं आयुष्य कोरडे ओढणाऱ्या बाबांची अमरावतीच्या गाडगेनगरात समाधी आहे, मूर्ती आहे, तिथे हार चढतो. परीट समाजाला आपल्यातला महापुरुष मिळाला, आणि लायलच्या शिडीला आणखी एक पायरी.

बंजाऱ्यांनी देव सोडलाही नाही आणि लपवलाही नाही. पोहरादेवी आज वाशीम जिल्ह्यात येते. १९९८ मध्ये वाशीम वेगळा होईपर्यंत ती अकोला जिल्ह्यातच होती. जगदंबा आणि सेवालाल महाराज यांचं हे ठाणं, देशभरातल्या तांड्यांची काशी. सेवालालांचा जन्म १७३९ चा मानतात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून लष्करांच्या मागे फिरणाऱ्या समाजातले ते सत्पुरुष. रेल्वे आली, तांड्यांचा धंदा बुडाला, आणि इंग्रजांच्या दप्तरात बंजारा संशयित झाला. १८८२ मध्ये वऱ्हाडातल्याच वणी जिल्ह्याचा पोलीस अधिकारी कंबरलेज यानं बंजाऱ्यांवर एक टिपण छापलं. पुढच्या ग्रंथकारांनी बंजाऱ्यांच्या धर्माची जी माहिती दिली तिचा मोठा भाग या पोलिसी टिपणातून आला आहे. तांड्यातल्या एका वेगळ्या झोपडीवर पांढरं निशाण असतं, ते मिठू भूकिया या जुन्या लुटारूचं, दरोड्याआधी तिथे पूजा होते, अशा नोंदी त्यात आहेत. पोलिसाला प्रत्येक पूजेत गुन्ह्याची तयारी दिसणारच.

आज तांड्यातांड्यांवर सेवालालांचा पांढरा झेंडा फडकतो. रामनवमीला पोहरादेवीला लाखो माणसं लोटतात, भोग लागतो, अरदास होते. बोकडांच्या बळीवरून इथेही दरवर्षी वाद होतो, आणि तो वाद बाहेरच्यांपेक्षा समाजाच्या आतच जास्त चालतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नगाऱ्याचा. ज्यांच्या देवाची नोंद पोलिसांनी ठेवली त्यांच्या देवाकडे पंतप्रधान येतात, हा प्रवास लहान नाही. फासेपारध्यांच्या वाट्याला तो आलेला नाही. त्यांची देवी चांदीच्या पत्र्यावर कोरलेली असते, गाठोड्यात बांधून पालाबरोबर फिरते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या गाठोड्यावरची पोलिसी नजर त्याबरोबर उतरली नाही.

मेळघाट चढलं की वेगळाच प्रांत लागतो. धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात, जिची नाती झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी आहेत, मराठी-हिंदीशी नाहीत. गावाचा राखणदार मुठवा. झाडाखालचा दगडांचा ढीग किंवा ओटा. डोंगरावर डोंगरदेव. पूजा भुमका करतो. होळीनंतर मेघनाथाची यात्रा भरते, उंच खांब उभारला जातो. मेलेल्या माणसाच्या नावानं सागाचा खांब कोरतात, त्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा आहे: सातपुडा ओस पडलेला पाहून रावणानं महादेवाला विनवलं, महादेवानं वारुळाच्या तांबड्या मातीची दोन माणसं घडवली, इंद्राच्या घोड्यांनी ती तुडवली, मग राखणीला कुत्रे केले आणि पहिलं जोडपं जिवंत झालं. रावण इथे उपकारकर्ता आहे आणि इंद्र नासधूस करणारा. खाली मैदानातही अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात दहा तोंडांची काळ्या दगडाची रावणाची मूर्ती आहे, आणि दसऱ्याला गावकरी ती जाळत नाहीत, पुजतात.

कोरकूंचे महादेव-रावण पाहून त्यांना हिंदू म्हणावं, की मुठवा पाहून वेगळे म्हणावं, यावर दोन्हीकडचे प्रचारक हिरिरीनं बोलतात. चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला दरीत फेकल्याची कथा सांगतात. पर्यटक ती ऐकतात आणि कोरकूंची कथा न ऐकताच उतरतात. पण या देवांचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराच्या पोटाला तापल्या लोखंडानं डागायचं, ज्याला मेळघाटात डंबा म्हणतात, हेही याच श्रद्धाविश्वात येतं, आणि त्यानं मुलं दगावली आहेत.

व्याघ्र प्रकल्पासाठी मेळघाटातली गावं उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर बसवली गेली. पुनर्वसनाच्या नियमांत रस्ता, पाणी, स्मशान यांच्याबरोबर प्रार्थनास्थळाचीही तरतूद आहे. पण मुठवा त्या गावाच्या त्या झाडाखालचा असतो, कंत्राटदारानं बांधून द्यायचा नसतो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातल्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये डोंगरिया आदिवासींच्या देवाचा हक्क ग्रामसभांनी ठरवावा असं सांगितलं, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तिथे देव डोंगर वाचवायला उपयोगी पडला.

आपल्याकडे देव बहुधा जातीच्या दाखल्यासाठी लागतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही. म्हणजे जनगणनेत हिंदू लिहिलेला कोरकू लग्नाच्या कायद्यापुरता आपल्या रूढीचा असतो. जमातींच्या यादीत कुणाला घ्यायचं याचे १९६५ च्या लोकूर समितीनं जे निकष सांगितले त्यांत वेगळी संस्कृती हा एक आहे. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजाऱ्यांनी जमातीच्या आरक्षणासाठी मोर्चे काढले, आदिवासी संघटनांनी विरोधात काढले. दोन्हीकडे आपले देव, आपली बोली, आपल्या रीती पुराव्यादाखल पुढे केल्या गेल्या. आणि माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये जात पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात दक्षता पथकानं अर्जदाराचं दैवत, विधी, लग्नाची आणि अंत्यविधीची रीत विचारावी असं स्पष्ट आहे. त्यामुळे अमरावतीच्या पडताळणी समितीपुढे मेडिकलच्या प्रवेशासाठी उभ्या असलेल्या, अकोल्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला आपल्या आजोबांचा देव कोणता आणि त्याला काय चढतं हे सांगावं लागतं. घरी बापानं नोकरी लागल्यावर तो देव केव्हाच सोडलेला असतो, किंवा चारचौघांत शोभावा म्हणून त्याचं नाव बदललेलं असतं. उत्तर चुकलं की दावा लटकला, अशी असंख्य प्रकरणं झाल्यावर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रीती जमातीशी जुळतात का हे पाहणारी ही आप्तभावाची (अ‍ॅफिनिटी) चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. माणसं गाव सोडतात, शिकतात, त्यांच्या रीती बदलतात. जुने महसुली आणि शाळेचे दाखले आधी पाहावेत. देवाबद्दलचा प्रश्न मात्र दक्षता पथकाच्या प्रश्नावलीतून गेलेला नाही.